होलरिशांच्या घरातले टॉवेल

नऊ हात वर झाले, चार टेबलाखालीच राहिले आणि एक सभासद झोपला होता. अशा रीतीने जुलैतल्या एका बुधवारी, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, निकलास होलरिश हा इसम मृत्यूनंतर सुमारे तीनशे नव्वद वर्षांनी निर्दोष सुटला. स्वीडिश सैन्याला गावाचं दार त्याने स्वतःच्या मनाने उघडलं नव्हतं, असं गान्सफुर्टच्या ऐतिहासिक उत्सव मंडळाने बहुमताने मान्य केलं.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी असं काहीही घडलेलं नव्हतं.

मधली पंधरा मिनिटं ऑटमार होलरिशला फार आवडली. तो निकलासचा वंशज आणि गावातला एकमेव चष्मेवाला. ‘हिरवं झाड’ खानावळीच्या मागच्या खोलीत, टेबलाच्या अगदी टोकाला तो बसला होता आणि स्वतःचा चष्मा पुसत होता. पुसून झाला की डोळ्यांवर चढवायचा, वर झालेले हात आठवायचे, पुन्हा पुसायचा. समोर बसलेल्या फिस्टरबाई, म्हणजे नगरपालिकेच्या दप्तरखान्याच्या प्रमुख, पिवळा पडलेला एक कागद दोन्ही हातांनी धरून होत्या. पर्यटकांसाठी नवी पुस्तिका लिहिताना एका जुन्या चोपडीच्या बांधणीत त्यांना तो सापडला होता. १६३१ सालच्या ऑक्टोबरातलं ग्रामसभेचं इतिवृत्त. शत्रूला दार उघडून द्यावं असं सभेनेच ठरवलं होतं आणि किल्ली निकलासकडे असल्यामुळे त्यालाच धाडलं होतं.

"सुटलास रे बाबा एकदाचा!" अध्यक्ष बुर्कार्ड केम्फने ऑटमारच्या पाठीत थाप मारली. बुर्कार्ड खाटीक होता, त्यामुळे त्याची थाप दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरे. "चारशे वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे?" मग तो वाढणाऱ्या मुलीकडे वळला. "आण गं बाई, सगळ्यांना एकेक ग्लास आण."

ग्लास आले. त्या आवाजाने झोपलेले म्हातारे त्सीगलर जागे झाले. काय चाललंय ते शेजाऱ्याने त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले,

"छान झालं. मग रविवारी फेकायचं कोणाला?"

हा विचार कोणी केला नव्हता.

दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी निकलासच्या वंशजाला नदीच्या घाटावर हात बांधून उभं करतात. त्या दिवसापुरता नगराध्यक्ष झालेला बुर्कार्ड विचारतो, "दार कोणी उघडलं?" वंशज म्हणतो, "मी." मग गावच्या चौदा जुन्या घराण्यांतला एकेक माणूस त्याला हात लावतो आणि सगळे मिळून त्याला माइन नदीत फेकतात. बाहेर आल्यावर तेच चौदा जण त्याला एकेक टॉवेल देतात. हे १८८१ पासून चालू आहे. सैन्य आलं होतं ऑक्टोबरात, पण ऑक्टोबरात पर्यटक येत नाहीत.

"ज्यांनी ठरवलं त्यांना फेका," एक जण म्हणाला. त्याला आपण विनोद केला असं वाटलं होतं.

"कोणी ठरवलं होतं?" दुसऱ्याने विचारलं.

"खाली चौदा सह्या आहेत," फिस्टरबाई म्हणाल्या आणि कागद उजेडात धरला. "पहिली केम्फ. मग त्सीगलर. मग..." त्यांनी मान वर करून टेबलाभोवती पाहिलं आणि पुढची नावं वाचायची गरज उरली नाही. सगळे हजर होते.

बुर्कार्डने ग्लास खाली ठेवला. मोठ्या माणसाला गहन प्रश्न पडला की तो छताकडे बघतो, तसा तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग त्याची नजर हळूहळू खाली आली आणि टेबलाच्या टोकाला येऊन थांबली.

"ऑटमार, घंटा वाजवली होतीस का रे?"

ऑटमारने समोर पाहिलं. घंटा त्याच्या चष्म्याच्या फडक्याखाली होती. ती एक वीतभर उंचीची पितळी घंटा. होलरिशांना मंडळात मत नसतं. पण माणसाला काही काम असावं, म्हणून सभेच्या सुरुवातीला घंटा वाजवायचा मान त्यांच्याकडे असतो.

"बाईंनी एकदम कागदच काढला, म्हणून मी..."

"वाजवलीस की नाही तेवढं सांग."

"नाही."

"कलम तीन," बुर्कार्ड म्हणाला. "घंटा झाल्याखेरीज सभा सुरू होत नाही."

सगळ्या खोलीने एकदम श्वास सोडला. कोणीतरी खुर्ची मागे सरकवली, कोणीतरी मुळ्याची बशी जवळ ओढली.

"पण हात तर वर झाले ना!" ऑटमार म्हणाला.

"हात काय, माणूस आळस देतानाही वर करतो."

"नऊ जणांनी एकदम आळस दिला?"

"दिवसभर काम करतात बिचारे."

फिस्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या विद्वान होत्या, आणि विद्वान माणसाला माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवता येत नाही. "गंमत म्हणजे," त्या म्हणाल्या, "त्या वर्षीच्या प्रत्येक इतिवृत्ताच्या डोक्यावर ‘घंटा झाली’ असं लिहिलंय. फक्त यावर नाही."

बोलल्यावर लगेच त्यांनी ओठ मिटले, पण उशीर झाला होता.

"म्हणजे तीही सभा झालीच नव्हती!" बुर्कार्डचा चेहरा उजळला. "चौदा जण सहज बसले होते. सहज सह्या केल्या. पावसापाण्याच्या गप्पा झाल्या असतील. आणि हा निकलास उठला, गेला आणि दार उघडून आला. कोणी सांगितलं होतं त्याला?" तो ऑटमारकडे वळला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच माया होती. "वाजव आता. आठला माझी बायको जेवण वाढते."

ऑटमारने घंटा वाजवली. विषय पहिला: रविवारी नेहमीप्रमाणे ऑटमार होलरिशला फेकणे. विषय दुसरा: कलम अकरानुसार, अपराध्याच्या घरातलं मूल ज्या वर्षी दहाचं होतं त्या वर्षी त्याने पालकाबरोबर पाण्यात जायचं असतं, सबब, चालू वर्षी लिओबा होलरिश. दोन्ही विषय एकमताने मंजूर झाले. म्हातारे त्सीगलर पुन्हा झोपले होते.

घरी जाताना ऑटमार नदीच्या कडेने गेला. मग परत फिरून पुलापर्यंत आला आणि पुन्हा गेला. प्रवासी बोट धक्क्याला लागत होती. वाकड्या बुरुजाखाली लोक वाकडे उभे राहून फोटो काढत होते. घाटाच्या तोंडाशी ‘विश्वासघाताचं दार’ होतं, ज्याला दार नव्हतं, नुसती कमान होती. तिथे पाटी होती, पाटीवर त्याचं आडनाव होतं, आणि एक बाई आपल्या नवऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवत होती.

तो स्वतः दहा वर्षांचा होता तेव्हाचं पाणी त्याला आठवत नव्हतं. टाळ्या आठवत होत्या. पाण्याखाली टाळ्या वेगळ्या ऐकू येतात. कोणीतरी दुसऱ्याच घरात गादी झोडपतंय, तशा.

स्वयंपाकघरात त्याचे वडील, म्हातारे एबरहार्ड, पांढरा मुळा जिलबीसारख्या एकसलग वेटोळ्यात कापत बसले होते. त्यांना एकतीस वेळा फेकलं होतं, आणि त्यातल्या दोन वेळा बर्फाळ वाऱ्यात, कारण तेव्हाच्या अध्यक्षाला इतिहासाबद्दल आदर होता आणि त्याने उत्सव ऑक्टोबरात घेतला होता. लिओबा त्यांच्यासमोर गाल फुगवून, नाक धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिची आई हँबुर्गची. ती दर जुलैत या आठवड्यात माहेरी जाते. तिला हे बघवत नाही, आणि बघणाऱ्यांच्या शेजारी उभंही राहवत नाही.

"एक मिनिट बारा सेकंद!" लिओबाने श्वास सोडला. "बाबा, कोर्डुला म्हणते तिला सात सेकंदसुद्धा जमत नाही."

कोर्डुला म्हणजे बुर्कार्डची मुलगी, लिओबाच्या वर्गातली. मेमध्येच दहाची झालेली.

ऑटमारने खुर्ची ओढली, बसला, उठला, खिडकी उघडली, लावली आणि मग सभेत काय झालं ते सांगितलं. म्हणजे काय झालं नाही ते सांगितलं. म्हाताऱ्याने मुळ्यावर मीठ भुरभुरलं.

"असेल," ते म्हणाले.

"असेल काय, अण्णा? कागद आहे! चौदा सह्या आहेत!"

"मला वाटलंच होतं कधीतरी कागद निघेल. माझे आजोबा सांगायचे." त्यांनी मुळ्याला पाणी सुटायची वाट पाहिली. घाई केली तर मुळा तिखट लागतो. "घंटा वाजवायचं काम तेव्हा कोणाकडे होतं?"

"आपल्याकडेच."

"मग त्या दिवशी ती का नाही वाजली? तुझ्यासारखा फडक्याखाली ठेवून विसरला असेल?"

ऑटमार पुन्हा खुर्चीत बसला.

"सैन्य तीन वर्षांनी निघून गेलं. गावाचा धनी तेव्हा बिशप; त्याची माणसं परत आली. त्यांनी विचारलं, दार कोणी उघडलं? घंटा झाली असती तर तो सभेचा ठराव. चौदा माना. नाही झाली, तर एका माणसाचा उपद्व्याप." म्हाताऱ्याने बशी नातीकडे सरकवली. "खा."

"मग त्यांनी निकलासला नदीत फेकलं?" लिओबाने विचारलं.

"हो."

"त्याला पोहता येत होतं?"

"नाही. म्हणून तर आपल्या घरात सगळ्यांना शिकवतात."

हे मात्र खरं होतं. गान्सफुर्ट नदीवर वसलंय, नदीवर जगतं, नदीची चित्रं छापून विकतं; पण पोहायला फक्त होलरिश शिकतात. इतरांना कधी गरज पडलेली नाही. तालुक्याचा पोहण्याचा तलाव अकरा वर्षांपूर्वी दोन महिन्यांच्या दुरुस्तीसाठी बंद झाला, त्यामुळे शाळेतही शिकवत नाहीत.

"अण्णा, तुमचा निकलास थोर असेल," ऑटमार म्हणाला. तो पुन्हा उभा राहिला होता. "मला थोर कोणी नकोय. मला लिओबा कोरडी हवी आहे."

"पाण्याने काय होतंय? टॉवेल मिळतात."

"टॉवेल!"

ऑटमारने जिन्याखालचं कपाट उघडलं. तसं ते उघडायची गरज नव्हती; दार जरा सैल केलं की टॉवेल आपोआपच बाहेर येत. पांढरे, निळ्या काठाचे, कोपऱ्यात घराण्यांची अक्षरं विणलेले. अशी नऊ कपाटं घरात होती. होलरिशांनी दीडशे वर्षांत एकही टॉवेल विकत घेतला नव्हता. खिडक्यांचे पडदे, लिओबाचा पाळणा, माळ्यावरच्या फटी, सगळीकडे गावाची दिलगिरी कोंबलेली होती.

"हे बघून मी मोठा झालो," तो म्हणाला. "आंघोळ केली की अंग केम्फने पुसायचं आणि डोकं त्सीगलरने. हिच्या वाट्याला हे नको."

म्हाताऱ्याने खाली वाकून सांडलेले टॉवेल गोळा केले, घड्या घातल्या आणि परत कोंबले. ते त्यांना सरावाचं होतं.

ऑटमारची योजना साधी होती आणि ती पूर्णपणे नियमात बसत होती. गान्सफुर्टमध्ये दुसऱ्या कुठल्या प्रकारची योजना चालतच नाही. कलम चार: चौदा घराणी हजर असताना जिथे घंटा वाजेल तिथे सभा. रविवारी घाटावर चौदा घराणी हजर असणारच, फेकायला. फिस्टरबाई पर्यटकांना माहिती सांगायला हजर असणार, आणि कागद त्यांच्या पिशवीत असणार. घंटा वाजली की बाई वाचतील. दीड हजार लोकांसमोर नऊ हात पुन्हा खाली कसे राहतील? ऑटमारचे हात बांधलेले असणार, म्हणून घंटा लिओबाने वाजवायची.

"एकदाच, पण जोरात," तो गुरुवारी म्हणाला.

"मग फेकणार कोणाला?" लिओबाने विचारलं. सगळ्या गावात हा प्रश्न दोघांनाच पडला होता, तिला आणि म्हाताऱ्या त्सीगलरला.

"ज्यांनी सह्या केल्या ते बघतील."

"कलम अकरामध्ये ‘होलरिशचं मूल’ असं लिहिलंय की ‘अपराध्याचं मूल’?"

ऑटमारने चष्मा काढला. "तू कलमं कधीपासून वाचायला लागलीस?"

"अण्णाआजोबांनी पाठ करून घेतलीत. पोहण्याबरोबर."

"तेवढं ताणायची गरज नाही," तो म्हणाला. "तोवर लोक समजून घेतील."

लिओबाने मान हलवली. आपल्या गावातले लोक नियम वाचून झाल्यावर समजून घ्यायला थांबलेत, असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी ऑटमारने एका गिऱ्हाइकाला उलटी काच बसवून दिली. तो गृहस्थ खूश होऊन गेला. शनिवारी दुपारी कोर्डुला केम्फ दुकानात आली. तिच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. रविवारी तिचा बाप नगराध्यक्ष असल्यामुळे केम्फ घराण्याचा हात म्हणून तिला उभं राहायचं होतं, चौदावी, अगदी पाण्याच्या कडेला. ऑटमार स्क्रू पिळत होता. दोघी मुली काउंटरला टेकून उभ्या होत्या.

"पाण्यात डोळे उघडे ठेवतेस?" कोर्डुलाने विचारलं.

"हो. हिरवं दिसतं."

"मी तर कठड्याशी गेले तरी खाली बघत नाही. बाबांना सांगू नकोस. काल रात्री स्वप्नात सगळ्यांनी मलाच फेकलं. चुकून. तू ओरडत होतीस की ही मी नाही, ही मी नाही."

"मग?"

"मग मी बुडाले. मग आईने उठवलं." तिने नाक पुसलं. "तुझा टॉवेल मी स्वतः विणलाय हं. अक्षर जरा वाकडं आलंय."

ऑटमार स्क्रू पिळत राहिला. तो केव्हाच घट्ट झाला होता. तरीही त्याने आणखी अर्धा फेरा दिला, आणि काचेला कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली. त्याने मान वर केली नाही. लिओबा त्याच्याकडे बघत होती.

"जरा थांब गं," तो कोर्डुलाला म्हणाला. "दुसरी काच बसवून देतो."

रविवारी ऊन होतं, सॉसेजचा धूर होता, आणि नदीत तीन बोटी नुसत्या बघण्यासाठी थांबल्या होत्या. ऑटमारच्या अंगात तपकिरी डगला, हात पुढे बांधलेले. लिओबाच्या अंगात तसाच छोटा डगला आणि त्याखाली पोहण्याचा पोशाख, कारण मंडळाला इतिहासाची काळजी आहे पण विमा कंपनीचीही आहे. तिने घंटा दोन्ही हातांत धरली होती. फिस्टरबाई पर्यटकांच्या घोळक्यापुढे उभ्या होत्या आणि पिशवी छातीशी घट्ट धरून होत्या. काय होणार आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांचं काम फक्त वाचायचं होतं, तरी त्यांनी सकाळपासून दोनदा दात घासले होते.

चौदा जणांची रांग घाटाच्या पायऱ्यांवर लागली होती. शेवटी कोर्डुला. एका हातात घडी घातलेला टॉवेल, दुसऱ्या हाताने कठडा पकडलेला, इतका घट्ट की बोटं पांढरी पडली होती. ती पाण्याकडे बघत नव्हती. ती आपल्या बुटांकडे बघत होती, आणि बूट पाण्यापासून लांब आहेत ना, हे पुन्हा पुन्हा तपासत होती.

बुर्कार्ड साखळी घालून पुढे आला. ताशे वाजले, थांबले. शांतता झाली.

"आता," ऑटमार ओठ न हलवता म्हणाला.

लिओबाने घंटा डोक्यावर धरली आणि हलवली.

काहीच ऐकू आलं नाही.

तिने पुन्हा हलवली, जोरात, सगळ्या अंगानिशी. पहिल्या रांगेतल्या लोकांना घंटा हलताना स्पष्ट दिसत होती. ती नुसतीच हलत होती.

"वाजव ना!"

"वाजत नाहीये, बाबा."

ऑटमारने खाली पाहिलं. तिचा एक हात दांड्यावर होता. दुसरा घंटेच्या आत होता, मनगटापर्यंत. आतला लोलक तिने मुठीत आवळून धरला होता.

"हात काढ, लिओबा."

"अडकलाय."

"अडकलेला नाहीये."

"अडकलाय, बाबा," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती पायऱ्यांच्या खालच्या टोकाकडे बघत होती, जिथे कोर्डुलाने कठड्याला आता दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि टॉवेल दातांत धरला होता.

बुर्कार्डला घंटा दिसली होती. आतला हातही दिसला असावा. त्याच्या गळ्यातल्या साखळीच्या कड्या एकमेकांवर हलकेच वाजत होत्या, आणि त्या जागचा तेवढाच आवाज होता. फिस्टरबाईंनी पिशवीची चेन अर्धी उघडली, आणि तशीच धरून ठेवली. बोटींवरच्या लोकांनी फोन वर केले. बुर्कार्डने आपल्या मुलीकडे पाहिलं. मग लिओबाकडे. त्याचं पुढचं वाक्य तीन शब्दांचं होतं आणि ते तो अठरा वर्षं म्हणत आला होता. तरी त्याला ते सापडायला वेळ लागला.

"दार..." तो म्हणाला. "दार कोणी उघडलं?"

ऑटमारने तोंड उघडलं. ‘मी’ म्हणायचं की बाकीचं सगळं सांगायचं, हे त्याचं ठरत नव्हतं, आणि त्याला ठरवायची वेळ आलीच नाही.

"मी," लिओबा म्हणाली.

कोणी तिला हात लावायच्या आत ती तीन पावलं पळाली आणि घंटेसकट उडी मारली.

चौदा जण क्षणभर गोंधळले. हे नियमात कुठेच नव्हतं. मग त्यांनी सवयीने ऑटमारला उचललं आणि तिच्या मागोमाग फेकून दिलं.

पाण्यात हिरवं होतं. त्याने डोळे उघडे ठेवले होते. वर टाळ्या वाजत होत्या, दुसऱ्या घरात गादी झोडपावी तशा. त्याच्यापासून हातभर अंतरावर लिओबा एका हाताने पोहत होती, दुसरा हात घंटेत. दोघांची डोकी एकदमच वर आली.

"गार आहे," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. बांधलेल्या हातांनी पोहायला त्याला वडिलांनी शिकवलं होतं. "हात काढ आता. बुडशील."

"किनाऱ्यावर गेल्यावर काढते."

पायऱ्यांपाशी म्हातारे एबरहार्ड उभे होते. त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही. त्यांनी नातीला वर ओढलं, खाली बसवलं आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. तळहातावर लोलकाचा गोल वण उमटला होता, जांभळा आणि खोल, नाण्याच्या छापासारखा. म्हाताऱ्याने त्यावर अंगठा फिरवला. मग घंटेतलं पाणी ओतून टाकलं.

कोर्डुला कठडा सोडून आली. शेवटच्या ओल्या पायरीच्या अलीकडेच थांबली आणि तिथूनच हात लांब करून टॉवेल पुढे केला. कोपरा तिच्या दातांनी ओला झाला होता आणि त्यावरचं ‘के’ खरोखरच वाकडं होतं.

"तू फेकायची वाटच नाही बघितलीस," ती म्हणाली.

"घाई होती," लिओबा म्हणाली.

बुर्कार्ड त्यांच्यामागे येऊन उभा होता. अध्यक्ष म्हणून त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. तो खाली वाकला, ऑटमारच्या हाताची दोरी सोडली, गाठ जरा घट्ट बसली होती म्हणून दातांनी सोडली, आणि उभा राहिला. मग आपली साखळी काढून खिशात ठेवली. उरलेली दुपार तो कोणाला दिसला नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ऑटमारने चष्मा पुसला. एकदाच. मग त्याने मंडळाच्या नावे पत्र लिहिलं, दोन प्रती काढल्या आणि पोच घेतली.

"प्रति, मा. अध्यक्ष, ऐतिहासिक उत्सव मंडळ, गान्सफुर्ट.

विषय: पोहण्याच्या वर्गाबाबत.

महोदय,

मंडळाची घंटा सुस्थितीत आहे. काल ती वाजली नाही, यात घंटेचा दोष नाही. ती पुढील वर्षी वाजवता यावी यासाठी, चौदा संस्थापक घराण्यांतील सर्व व्यक्तींना, वयाची अट न ठेवता, व कु. कोर्डुला केम्फ हिला प्राधान्याने, येत्या जुलैच्या दुसऱ्या रविवारपूर्वी पोहायला शिकवण्याची व्यवस्था मंडळाने करावी, ही नम्र विनंती. शिकवण्यासाठी आमच्या घरातील तीन व्यक्ती विनामूल्य उपलब्ध आहेत.

टॉवेल आमच्याकडे आहेत."